शब्द सोड, चित्र धर

बाळा, दहावीच्या इंग्रजीत कवितेवर 'फिगर ऑफ स्पीच' विचारतात म्हणून तू यादी घोकत बसली आहेस. ती जरा बाजूला ठेव. वीर गावातल्या या ओटीवर मुलांना शिकवताना मला जे उमगलं, ते मनात साठवून ठेव.

पहिलं, शब्दाला शब्द लावू नकोस. 'लाइट ॲट द एंड ऑफ द टनल' वाचलंस की आपल्या स्टेशनातून रत्नागिरीला जाणारी गाडी आठव. वाटेतला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. कानाला दडे बसतात, काळोख संपता संपत नाही. मग खिडकीबाहेरची काळी भिंत हळूहळू उजळू लागते. बोगदा अजून संपलेला नसतो, पण जीव हलका होतो. अर्थ तोच: सुटका झालेली नाही, तिची चाहूल लागली आहे.

दुसरं, चित्र कुठल्या हवेतलं आहे ते बघ. इंग्लंड थंडीचा देश, म्हणून तिथलं प्रेमाचं स्वागत 'वॉर्म'. आपण कोकणातली माणसं, लेक घरी आली की आपले डोळे निवतात. त्यांचं घुबड शहाणं, आपलं अशुभ.

तिसरं, नुसत्या खुणेवर जाऊ नकोस. 'शी स्विम्स लाइक अ फिश' ही उपमा. 'शी लुक्स लाइक हर सिस्टर' यात 'लाइक' आहे, पण उपमा नाही. बहिणी खरोखरच सारख्या दिसतात. 'द सावित्री इज अँग्री टुडे' म्हटलं की नदीला माणसाचा राग दिला, ती चेतनगुणोक्ती. उत्तरात नुसतं नाव लिहून थांबू नकोस, कारणही लिही.

चौथं, स्वतः लिहिताना एका परिच्छेदात एकच अलंकार पुरे. मुसळधार पावसासाठी 'कॅट्स अँड डॉग्ज' वापरून वापरून झिजलंय. 'इट्स पोअरिंग' म्हण, नेमकं होईल.

शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. 2021 च्या जुलैत महाडात घराघरांत पाणी शिरलं. अशा घरातल्या माणसाला पत्र लिहिताना 'फ्लड ऑफ जॉय' लिहू नकोस, मराठीतही 'आनंदाचा पूर' म्हणू नकोस. त्याच्यासाठी पूर म्हणजे भिंतीवरचा चिखलाचा पट्टा. आणि त्याच्या दुःखाबद्दल लिहायचं असेल, तर पाणी कुठवर चढलं, काय वाहून गेलं, एवढंच साध्या वाक्यात लिही.