पेशीच्या पोटात

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पेशीविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मला या विषयात ओढले ते माझ्या मावसबहिणीच्या तान्ह्या मुलाने. सहावा महिना सरला तरी तो मान धरीना. छातीच्या फोटोत हृदय मोठे दिसले आणि डॉक्टरांनी 'पाँपे' असे रोगाचे नाव सांगितले. घरात कोणालाच अर्थ कळला नाही. ग्रंथालयात बसून मला जे उमगले, ते येथे मांडतो.

आपल्या पेशीत लायसोसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. पाठ्यपुस्तके त्यांना लयकारिका म्हणतात. भोवती पातळ पटल, आत आम्ल आणि पन्नासाहून अधिक प्रकारची विकरे. गिळलेले जंतू, जुनी प्रथिने, पेशीचेच झिजलेले भाग हे सारे तेथे पचते. मात्र ते वाया जात नाही. अमिनो आम्ले, शर्करा पटलातून बाहेर येतात आणि पेशी त्यांतून नवे घडवते. आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते, तसेच हे. फक्त येथे लुगडे आधी सुतासुतापर्यंत उसवले जाते. उपाशी पेशी तर स्वतःचेच भाग पचवून तग धरते. किण्वपेशींतील हीच क्रिया उलगडल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले.

या पिशवीच्या शोधाची हकीकत मला फार आवडली. 1949 मध्ये बेल्जियममधील लुव्हाँ येथे क्रिस्तियाँ द द्यूव्ह उंदरांच्या यकृतावर प्रयोग करीत होते. एक विकर मोजले, तर ते अपेक्षेच्या दहाव्या हिश्श्याइतकेच भरले. नमुना शीतकपाटात राहिला. पाच दिवसांनी पुन्हा मोजले, तर विकर भरपूर! आपल्यासारख्याने पहिला आकडा चूक म्हणून खोडला असता. द द्यूव्ह यांनी ताडले, की विकर पिशवीत कोंडलेले होते. पटल फाटले तेव्हा ते मोकळे झाले. 1955 मध्ये त्यांनी पिशवीला नाव दिले, 1974 मध्ये ते नोबेलचे एक मानकरी ठरले.

मग एखादी पिशवी फुटली तर पेशीच पचून जाणार नाही का? सहसा नाही. या विकरांना पाचच्या आसपासचा पीएच मानवतो. पेशीरसाचा पीएच सातच्या थोडा वर असतो, तेथे ती मंदावतात.

आता भाच्याविषयी. पाँपे या डच वैद्यांनी हा रोग 1932 मध्ये वर्णिला. कारण सापडले 1963 मध्ये, तेही लुव्हाँलाच. ग्लायकोजेन फोडणारे एकच विकर या रुग्णांच्या पिशव्यांत नसते किंवा अगदी थोडे असते. बाकी विकरे हजर असूनही ग्लायकोजेन साचत जाते, पिशव्या फुगतात, स्नायू दुबळे होतात. हृदय हाही स्नायूच.

2006 पासून हे विकर शिरेवाटे देता येते. पेशीच्या पटलावरील ग्राहक त्याच्यावरची एक खास शर्करा ओळखतात, त्याला आत ओढतात आणि नेमके त्या पिशवीत पोचवतात. दर पंधरा दिवसांनी, जन्मभर. किंमत आमच्या आवाक्याबाहेरची आहे. मदतीचे दोन अर्ज मीच लिहून पाठविले. ताई रोज विचारते, "पत्र आलं का रे?"