महापौर ‘मंजूर’ म्हणतात, पण मतं मोजतं कोण?

प्रश्न : महापालिकेची सभा पाहायला गेलो होतो. सचिव विषय वाचतात, बाकं वाजतात आणि महापौर ‘मंजूर’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळतात. हात मोजताना कुणीच दिसलं नाही. याला मतदान म्हणायचं का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने, हो. कुणी हरकत घेतली नाही तर महापौरांनी ‘मंजूर’ म्हणणं आणि इतिवृत्तात तशी नोंद होणं एवढं पुरतं. मात्र मोजक्या नगरसेवकांनी मिळून पोल मागितला, तर महापौरांना मतं घ्यावीच लागतात. मग कोण बाजूने, कोण विरोधात, हे नावानिशी नोंदलं जातं. समसमान मतं पडली तर महापौरांचं निर्णायक मत. स्वीकृत नगरसेवक चर्चेत बोलू शकतात, मतदान करू शकत नाहीत. ही मनाई थेट राज्यघटनेच्या 243-आर कलमातली आहे.

आयुक्तांनाही मत नाही. 20 जून 2020 रोजी सुरेश भट सभागृहातल्या सभेतून तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे उठून गेले, तेव्हा ‘आता सभा बेकायदा’ अशी कुजबुज शहरात झाली असेल तर ती निराधार होती. गणपूर्ती नगरसेवकांच्या हजेरीवर ठरते.

खरी गंमत आयुक्तांवरच्या अविश्वासाची आहे. एरवी हजर असलेल्यांचं बहुमत चालतं. इथे मात्र एकूण सदस्यसंख्येच्या पाच अष्टमांश मतं लागतात. नागपुरात नगरसेवक 151, म्हणजे किमान 95 मतं हवीत. 94 बाजूने आणि विरोधात एकही नाही, तरी ठराव पडतो. घरी बसलेला, आजारी पडलेला, मुद्दाम चहा प्यायला बाहेर गेलेला, हे सगळे अशा वेळी विरोधकांतच जमा होतात. आणि एवढी मतं मिळूनही प्रकरण संपत नाही. नवी मुंबईत ऑक्टोबर 2016 मध्ये मुंढे यांच्याविरुद्धचा असाच ठराव 104 विरुद्ध 6 मतांनी संमत झाला, तरी ते मार्च 2017 पर्यंत तिथेच आयुक्त होते. अखेरचा शब्द मुंबईतल्या सरकारचा! निवडून आलेल्या सभागृहाचा असा अव्हेर मला पटत नाही, पण व्यवस्था आहे ती अशी.

पोल इतका क्वचित का मागतात? पक्षादेशामुळे. 1986 च्या अनर्हता कायद्याने पक्षाविरुद्ध मत देणाऱ्याचं नगरसेवकपद जाऊ शकतं. त्यामुळे निकाल बहुधा सभेआधीच पक्षाच्या बैठकीत ठरलेला असतो. माझ्या मते पोल तरीही मागावा, कारण नाव कागदावर आलं की नगरसेवकाला प्रभागात उत्तर द्यावं लागतं. जास्त लक्ष ठेवावं ते ‘वेळेवर येणाऱ्या विषयां’वर. ते विषयपत्रिकेत आधी छापलेले नसतात, त्यामुळे वाचून यायची सोयच नसते आणि गोंधळात ते सहज सरकतात.

मार्च 2022 मध्ये नागपूरच्या सभागृहाची मुदत संपल्यावर तर पुढची जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते. त्या काळातल्या ठरावांत बाजूने-विरोधात असा प्रश्नच येत नव्हता.

इतिवृत्त नागरिकालाही पाहता येतं. मनपा मुख्यालयात, सिव्हिल लाइन्सला, माहिती अधिकाराचा अर्ज द्या. अर्जात सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहा, आणि पोल झाला असल्यास नावांची यादीही मागा.