प्रयोगशाळेतल्या मामांना विचार

अगं, निकाल लागल्यापासून तुला सल्ले देणाऱ्यांची रांग काही संपेना. वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात कॉम्प्युटरच घे, तुझा मामा म्हणतो पुण्याशिवाय काही खरं नाही, आणि तुझा बाबा रोज एका नव्या कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी येतो. आता आत्याचंही ऐकून घे. मी काही प्राध्यापक नव्हते. कॉलेजच्या ऑफिसात, फी आणि स्कॉलरशिपच्या खिडकीमागे बसून निवृत्त झाले. पण त्या खिडकीमागे बसून एक गोष्ट पक्की कळली. कॉलेजबद्दल खरं कोण सांगतं, तर तुझ्या प्रवेशाने ज्याच्या खिशात काही पडणार नाही तो. प्रयोगशाळेतले मामा, ग्रंथालयातल्या काउंटरवरच्या बाई, शेवटच्या वर्षाची मुलं, झेरॉक्सवाला. प्रवेशाच्या मांडवात चहा-बिस्किटं देऊन बसवतात त्या सरांकडे शेवटी जा.

वरच्या वर्गांचे तास सुरू झाले की एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी, कुणाला न कळवता कॉलेज बघायला जायचं. तुझ्या डोक्यात सिव्हिल आहे ना? मग सरळ काँक्रीटच्या प्रयोगशाळेत जा. तिथे पाण्याच्या टाकीत सिमेंटचे ठोकळे बुडवून ठेवलेले असतात. सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी काढून ते यंत्रात दाबून फोडतात. प्रत्येक ठोकळ्यावर तारीख लिहिलेली असते. ती वाच. तारीख या महिन्यातली असली तर इथे प्रॅक्टिकल होतात. गेल्या वर्षीची असली तर काय समजायचं ते समज. टाकीत पाणीच नसलं तर पुढचं काही बघू नकोस. हे मला कुठल्या सरांनी नाही सांगितलं, आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी सांगितलं. मामांना नीट नमस्कार करून विचार, "मोजणीचं टोटल स्टेशन मुलांच्या हातात देता का कपाटात असतं?" ते आधी हसतील, मग खरं सांगतील.

तिथून ग्रंथालयात जा. पुस्तकं किती हजार आहेत ते माहितीपत्रकात छापलेलंच असतं, ते सोड. संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, परीक्षेच्या दिवसांत वेळ वाढवतात का, पहिल्या वर्षाच्या मुलाला एका वेळी किती पुस्तकं घरी देतात, एवढं विचार. नोटीस बोर्डावरच्या तारखा बघ. मुलींचं स्वच्छतागृह आत जाऊन बघ, लाजू नकोस, चार वर्षं काढायची आहेत. आणि संध्याकाळी प्रॅक्टिकल सुटल्यावर घरी यायला बस किंवा वडाप किती वाजेपर्यंत मिळतं, ते त्याच वेळी तिथे उभं राहून बघ.

नोकऱ्यांचे आकडे सांगतील तेव्हा मान डोलावू नकोस. मोठ्या फलकावर एकाच मुलाचा फोटो असतो आणि खाली लाखांतलं पॅकेज. तू वेगळं विचारायचं. तुझ्या शाखेतल्या किती मुलांनी नोकरीसाठी नाव नोंदवलं, त्यातल्या किती जणांना मिळाली, आणि सगळ्यांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले? या तिसऱ्या प्रश्नाला जो न अडखळता उत्तर देतो, त्याचं बाकीचंही ऐकावं. नॅकची श्रेणी असते अख्ख्या कॉलेजला मिळून, एनबीएचं मानांकन असतं एकेका शाखेला. बाहेरच्या पाटीवर नॅक दिसलं म्हणून तुझ्या शाखेचं एनबीए गृहीत धरू नकोस. दोन्हींवर मुदत असते, ती संपलेली नाही ना ते बघ. 'स्वायत्त' म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी विद्यापीठाची. आपलं सांगलीचं वालचंद कॉलेज तसंच आहे, पदवीवर नाव शिवाजी विद्यापीठाचं.

पुण्याचं म्हणशील, तर माझा पुण्यावर राग नाही. सीओईपीत नंबर लागला तर मागे वळून बघू नकोस. ते कॉलेज १८५४ पासून चालू आहे आणि मी स्वतः तुला स्टेशनवर सोडायला येईन. पण पुण्याच्या वेशीबाहेर, हायवेपासून आत, काचेची इमारत आणि मागे उसाचं रान, अशा कॉलेजसाठी मिरज सोडायचं, खोलीभाडं आणि मेस भरायची, तर आधी हिशेब मांड. सांगलीचं विश्रामबाग आपल्या दारातून वडापच्या अंतरावर आहे. तिथलं वालचंद १९४७ चं. विलिंग्डन तर त्याहून जुनं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली काढलेलं. पुढे ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक त्या कॉलेजचे प्राचार्य होते. पु. ल. देशपांडे एम.ए.ला तिथलेच. आणि आपल्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभारलं, पुढे त्याच जागी मुलं डॉक्टरी शिकली, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. महाराष्ट्रभरची मुलं शिकायला मिरजेत येतात, इथे खोल्या शोधत फिरतात, आणि आपल्या गल्लीतली पोरं बॅगा भरून स्टेशनवर. मला याचं नेहमी हसू येतं. इंजिनिअरिंग नकोच वाटलं तर तेही आत्ताच सांग. विज्ञानाची पदवी घेऊन पुढे जाणाऱ्यांची कागदपत्रं मी कमी बघितली नाहीत.

आता ऑप्शन फॉर्म. मुलं सगळ्यात जास्त घोळ इथेच घालतात. "तिथे नंबर लागणार नाही" म्हणून मनातलं कॉलेज खाली टाकतात आणि लागेलसं वाटतं ते वर. संगणक तुझी यादी वरून खाली वाचत येतो. वरच्या ठिकाणी गुण पुरले नाहीत तर पुढच्याकडे सरकतो. वरचं न मिळाल्याने खालचं हातचं जात नाही. म्हणून खरं हवं ते पहिलं लिही. मात्र पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांना खूश करायला पहिल्या ओळीत काहीही टाकायचं नाही. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहेत, पण त्या फक्त अंदाजापुरत्या. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यासाठी या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच. कॅफेतल्या मुलाच्या हातात लॉगिन आणि पासवर्ड देऊन घरी यायचं नाही. फॉर्म तो भरू दे, पण शेवटचं बटण तुझ्या बोटाने दाब आणि छापील प्रत घेऊन ये.

कागदांचं मी जरा जास्तच बोलते, पण ऐक. दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं नाव आहे, तसंच आधारवर आणि बँकेच्या पासबुकात आहे का? एका वेलांटीसाठी स्कॉलरशिप अडकलेली मी बघितली आहे. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर सेतूतून काढायचे. नॉन-क्रिमिलेअरची मुदत बघ. जात पडताळणीचं प्रकरण अजून दाखल केलं नसेल तर उद्याच कर, तिथे वेळ जातो. शाळा सोडल्याचा दाखला मूळचा एकच असतो आणि तो कॉलेज ठेवून घेतं. देण्याआधी दहा-पंधरा झेरॉक्स काढ.

फीचंही तुझ्या बाबाला नीट सांग. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. त्यासाठी प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलास तर नाही. खासगी विद्यापीठ आणि खासगी अभिमत विद्यापीठ असलं तरी नाही. गुळगुळीत माहितीपत्रकांतली निम्मी नावं इथेच गळतात! वसतिगृहाचा खर्च यात येत नाही, त्याच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात, आणि दर वर्षी अर्ज पुन्हा भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी विसरणारी मुलं फार. एक रुपया दिला तरी पावती मागायची. 'डेव्हलपमेंट'च्या, 'इमारत निधी'च्या नावाखाली कुणी विनापावतीचं मागितलं तर उठून यायचं. देणगी घेऊन प्रवेश द्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

प्रवेश झाला की मुलं समजतात काम झालं. पहिल्या महिन्यात तीन ओळखी कर. एक ग्रंथालयात, एक प्रयोगशाळेत, एक ऑफिसात. बोनाफाईड लागलं की धावत येऊन "मॅडम, अर्जंट" म्हणणारी मुलं मला रोज भेटायची. सहज खिडकीशी थांबून "जेवलात का मॅडम" विचारणारी दोन-चारच. स्कॉलरशिपची तारीख वाढल्याचं पत्र आलं की पहिली आठवण कुणाची यायची ते सांगायला नको. हे लांगूलचालन नव्हे. त्या इमारतीत तू चार वर्षं राहणार, मग शेजारधर्म नको?

प्रॅक्टिकलला चार जणांचा गट करतात. एक जण यंत्र हाताळतो, तिघं आकडे उतरवतात आणि जर्नल पुरं करतात. तू यंत्राजवळ उभी राहा. "मुली रीडिंग लिहितात" असं कुणी म्हणालं तर वही त्याच्या हातात दे. ओरलला बाहेरचा परीक्षक विचारतो तेव्हा जर्नल बोलत नाही.

वर्गाबाहेर काय करायचं, तर एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर एकदा कर, पोळ्या लाटायच्या गटात अडकू नकोस. खर्चाला हातभार हवा असेल तर 'कमवा आणि शिका'ची चौकशी कर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यात त्यांच्या संस्थेतल्या मुलांनी शेतात राबून, खडी फोडून शिक्षण घेतलं, तीच ही 'कमवा आणि शिका'. आता त्या योजनेत बहुतेक ग्रंथालयात किंवा ऑफिसात काम मिळतं. पैसे थोडेच, पण फाइल कशी ठेवतात, पत्र कसं लिहितात हे अंगवळणी पडतं. आजकालच्या इंजिनिअरांना सहा ओळींचा अर्ज लिहिता येत नाही, मी साक्षीदार आहे.

आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. तो बाजारात तयार मिळतो, बांधणीसकट, तू जाणतेस. तो घेऊ नकोस. विषय हवा असेल तर मिरजेत काय कमी आहे? २०१६ च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे मिरजेतून गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. ते पाणी कृष्णेतून उचलून स्टेशनपर्यंत कसं आणलं, वाघिणी किती वेळात भरल्या, हे सिव्हिलच्या मुलीने शोधायचं नाही तर कुणी? २००५ आणि २०१९ ला कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर चढलं त्याच्या खुणा अजून भिंतींवर असतील, त्यांची उंची टोटल स्टेशनने मोजून नकाशा कर. तुझी ती इलेक्ट्रॉनिक्सवाली मैत्रीण आहे ना, तिला सतारमेकर गल्लीत पाठव. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. भोपळ्याची जाडी बदलली की आवाज किती बदलतो, हे कारागीर बोटाने ठोकून ओळखतात, तिने ते मोजून बघावं. मुलाखतीत असा प्रोजेक्ट सांगायला लागलीस की समोरचा प्रश्न विचारत जाईल आणि तुला उत्तरं येत असतील.

पहिल्या सेमिस्टरला गणितात केटी लागली तर रडत बसायचं नाही, मला फोन करायचा. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाची मुदत थोड्या दिवसांचीच असते, आणि बहुतेक मुलं ते दिवस रडण्यातच घालवतात.

बरं, आता हे कर. मंगळवारी बाबाला रजा काढायला लाव. सकाळी दोघं मिळून आधी सेतूत जा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाका, मग विश्रामबागचं वडाप पकडा. बाबाला गेटपाशी चहाच्या टपरीवर बसव, आत तू एकटी जा. येताना बँकेत खातं आधारला जोडलंय का ते विचारून ये, आणि ऑप्शन फॉर्मचा कच्चा कागद घेऊन रात्री माझ्याकडे जेवायलाच ये. पहिल्या तीन ओळी मला पेन्सिलीने लिहिलेल्या हव्यात.