हात तयार की मन तयार?

मुलांना पेटी वा व्हायोलिन शिकवू लागलो की घरोघरी वाद निघतो: आधी हात तयार व्हावा की वाजवण्यात भाव यावा? अमेरिकेत हाच वाद याशा हायफेट्झ यांच्यावरून फार रंगला. व्हिल्नाचा हा ज्यू मुलगा लिओपोल्ड आउर यांचा शिष्य. २७ ऑक्टोबर १९१७ रोजी, सोळाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने व्हायोलिन वाजवले आणि बिनचूकपणाचे मापच बदलले. पण वाजवताना चेहरा हलेना, अंग डोलेना. म्हणून पुष्कळांनी त्यांना थंड ठरवले. १९४० साली टीकाकार व्हर्जिल टॉमसन यांनीही त्यांच्यावर तोंडसुख घेतले.

आम्हांस वाटते, या मंडळींनी कानांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवली. ध्वनिमुद्रिका लावून ऐकावी. एका सुरावरून दुसऱ्यावर बोट सरकते, ती मींड कोठे रेंगाळते, कोठे झटकन संपते, त्यातच सारा भाव आहे. आणि बोट ताब्यात असल्यावाचून ती साधत नाही. पुढे कॅलिफोर्नियात शिकवताना हायफेट्झ शिष्यांकडून आरोह-अवरोह कसून वाजवून घेत, ते उगीच नव्हे.

मात्र तयारी म्हणजे वेग नव्हे. आपल्या मराठी कीर्तनात योसेफ भावांना ओळख देतो त्या ठिकाणी पेटीवाल्याने ताना झोडल्या, तर शब्द बुडतात आणि प्रसंग वाया जातो. तेथे एका सुरावर थांबता यावे लागते. मुलाला वर्गास घालण्यापूर्वी शिक्षकांना एवढे जरूर विचारावे: संथ लयीत काय वाजवून घेता?