कोणता रुपया? हाली, कलदार आणि नेपाळी



सुट्टीत आपल्यापैकी काही कुटुंबे नेपाळच्या सहलीला जातात. तिथे दुकानात भाव विचारला आणि ‘तीनशे’ असे उत्तर आले, की लगेच प्रश्न पडतो : तीनशे भारतीय की नेपाळी? आपल्याला हा प्रश्न नवा वाटेल. पण जामबागेत राहणाऱ्या आपल्या पणजोबांना पुण्या-मुंबईला जातानासुद्धा तो पडत असे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे चलन वेगळे होते. त्याचे नाव उस्मानिया सिक्का. बोलताना लोक त्याला ‘हाली’, म्हणजे सध्या चालणारा रुपया, असे म्हणत. इंग्रजी मुलखातला रुपया तो ‘कलदार’, म्हणजे यंत्रावर पाडलेला. शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या रुपयावर चारमिनारचे चित्र असे. १९१८ पासून संस्थानाच्या नोटाही निघाल्या. त्यांवर उर्दूबरोबर इंग्रजी, तेलुगू, कन्नड आणि आपल्या मराठीतही किंमत छापलेली असे.

सर्वसाधारण हिशेब असा : ७ रुपये हाली = ६ रुपये कलदार. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. सोलापूर इंग्रजी मुलखात आणि तुळजापूर निजामाच्या राज्यात. त्यामुळे सोलापूरहून देवीच्या दर्शनाला निघालेल्या माणसालाही हा फरक ध्यानात ठेवावा लागे. दक्षिणा, गाडीभाडे, हमाली, काहीही ठरवताना ‘हाली की कलदार?’ हे आधी बोलून घेणे शहाणपणाचे होते.

आता एक गंमत पाहा. ४२ हालीचे कलदार किती? सातवा भाग, म्हणजे ६, वजा केला की ३६. पण ३६ कलदारांचे पुन्हा हाली करायचे असतील, तर सातवा भाग मिळवून चालत नाही. सहावा भाग, म्हणजे ६, मिळवावा लागतो. तेव्हा कुठे ४२ होतात. जाताना जो भाग वजा केला, तोच भाग परतताना मिळवला तर हिशेब चुकतो.

नेपाळात नेमकी हीच चूक होते. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. म्हणजे ५०० भारतीयांचे ८०० नेपाळी. जाताना शेकडा साठ मिळवले, म्हणून परतताना कोणी शेकडा साठ वजा करतो आणि ८०० नेपाळी म्हणजे ३२० भारतीय समजतो. बरोबर उत्तर ५०० आहे. सोपी रीत अशी : नेपाळी रकमेला ८ ने भागा आणि ५ ने गुणा. भूतानचा हिशेब त्याहून सोपा, कारण तिथला एक ङुल्ट्रम म्हणजे आपला एक रुपया. मात्र तो आपल्या हैदराबादच्या बाजारात चालत नाही, म्हणून परतण्यापूर्वी बदलून घ्यावा.

चूक सर्वांत जास्त कोणाला भोवते? दुकानदार हिशेबात पक्का असतो. डोंगरवाटेवर आपले ओझे वाहणारा भरिया किंवा हॉटेलात सामान उचलणारा मुलगा मात्र देऊ केलेले मुकाट्याने घेतो. शंभर रुपये देऊ असे म्हणून शंभर नेपाळी हातावर ठेवले, तर त्याला आपल्या साडेबासष्टच रुपयांएवढे मिळतात. त्याने भारतीय शंभर गृहीत धरले असतील, तर आपण शब्द मोडला असेच त्याला वाटणार. म्हणून मजुरी ठरवतानाच रुपया ठरवावा.

पालकांनी आणखी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. बक्षिसी त्या देशाच्या चलनात आणि नोटांत द्यावी. परदेशी नाणी सहसा कोणी बदलून देत नाही. आपल्याला ते दान वाटते, त्याला ते ओझे होते.

२. बक्षिसीसाठी लहान नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. मोठी नोट काढून सुटे मागणे दोघांनाही अवघड जाते.

३. बिलात सेवाशुल्क लावले आहे का ते आधी पाहावे, म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा जाणार नाहीत.

४. कोणत्या आणि किती नोटा बरोबर नेता येतात, याचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी बँकेत विचारावे. नेपाळात काही दुकानांत २०२४ पासून यूपीआय चालू लागले आहे, पण डोंगरवाटेवर रोख पैसेच कामाला येतात.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० मध्ये भारतीय रुपया इथे आला आणि काही वर्षांतच हाली व्यवहारातून गेले. तुमच्या घरी एखाद्या जुन्या डब्यात चारमिनारचा रुपया असेल, तर आजी-आजोबांना त्याची हकीकत जरूर विचारा.

स्वाध्याय

१. ८४ रुपये हालीचे कलदार किती?

२. काठमांडूत जेवणाचे बिल ९६० नेपाळी रुपये झाले. भारतीय रुपये किती?

३. वाढणाऱ्याला किती बक्षिसी द्यावी आणि का? घरी सर्वांनी मिळून चर्चा करा.

(उत्तरे : १. ७२ २. ६०० ३. याचे उत्तर प्रत्येक घराने आपले आपण ठरवावे.)