सप्तशृंगीच्या डोंगरात डायनासोर सापडेल का?

वणीच्या वर्गात क्रिटेशस कालखंड शिकवायला घेतला की हा प्रश्न हमखास येतो. कुणीतरी डोंगरातून पांढरा, चमकणारा तुकडा खिशात घालून आणलेला असतो. "सर, हा डायनासोरचा दात आहे ना?" उत्तर 'नाही' असंच आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून दगड बाजूला ठेवू नये, खरी गंमत तिथूनच सुरू होते.

क्रिटेशस म्हणजे साधारण 14.5 कोटी ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा काळ. त्याच्या शेवटी इथली जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहू लागला. एक थर थिजला की त्यावर दुसरा. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, त्यातूनच झाला. गडाचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळे. थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत खनिजांचे स्फटिक वाढले. मुलांचा 'दात' तो हाच. (सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक भरपूर आहेत, सहल जरूर न्या.)

मग डायनासोर कुठे? लाव्ह्याच्या खालच्या गाळात. आपल्याकडे तो गाळ खोल गाडला गेलाय. विदर्भात लाव्ह्याची कड संपते, तिथे तो उघडा पडतो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची हाडं मिळाली आहेत. आणि शेणाचे दगड झालेले गोळेसुद्धा! इथे वर्ग हसतो, हसू द्यावा. कारण याच शेणात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि 2005 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असा समज होता. त्यातले काही कण तर भाताच्या नात्यातल्या गवतांचे. सुरगाण्याकडची, भाताच्या खाचरात वाढलेली मुलं हे ऐकून सरसावून बसतात. मात्र 'डायनासोर भात खायचे' असं फळ्यावर लिहू नका. इतर झाडपालाही ते भरपूर खात.

पुढचा प्रश्न ठरलेला : "ते लाव्ह्यानेच मेले का?" बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीला देतात; लाव्ह्याचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. मी मुलांना कच्छमधल्या अंजारचं उदाहरण देतो. तिथे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात डायनासोरचे अवशेष मिळालेत. म्हणजे खालचा थर थिजल्यावरही ते त्या भागात वावरत होते.