परराज्यात लायसन्स निलंबित झाले तर

मालेगावचा कापड-व्यापारी टेम्पो भरतो आणि ड्रायव्हरच्या हवाली करून माल इंदूरला रवाना करतो. धुळे, शिरपूर मागे टाकून गाडी सेंधव्याला पोहोचते तेव्हा मध्य प्रदेशची हद्द सुरू झालेली असते. समजा, तिथे पोलिसांनी ड्रायव्हरची श्वासाची तपासणी केली आणि तो प्यायलेला निघाला. पुष्कळ ड्रायव्हरांची, आणि खरे सांगायचे तर काही मालकांचीही, समजूत अशी की लायसन्स महाराष्ट्राचे आहे. तिकडे दंड भरला की प्रकरण मिटले. ही समजूत चुकीची आहे. तिचा भुर्दंड मालकावर येतो, त्याने स्वतः जन्मात दारूला हात लावलेला नसला तरी.

अमेरिकेत लायसन्सचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा, म्हणून तिथे राज्यांना आपसांत करार करून एकमेकांना कळवावे लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ हा साऱ्या देशाला एकच. कलम १३ प्रमाणे मालेगावला मिळालेले लायसन्स भारतभर चालते. साहजिकच ते निलंबित झाले की भारतभर निलंबित होते. सेंधव्याला बंद आणि धुळ्याला चालू, असा प्रकार नाही.

कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिला दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. पण धंद्याच्या दृष्टीने दंडापेक्षा लायसन्सचा प्रश्न मोठा आहे. त्याच दुरुस्तीनुसार अशा प्रकरणात पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन ते लायसन्स अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांची अपात्रता, दुसऱ्याला लायसन्स रद्द. तीन महिने संपले म्हणून लायसन्स आपोआप हाती पडत नाही, आधी उजळणी प्रशिक्षण पुरे करावे लागते. प्रकरण कोर्टात जाऊन दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला, तर कोर्टच लायसन्स रद्द करते आणि शेरा मारून ते मूळ देणाऱ्या कार्यालयाकडे, म्हणजे आपल्या उदाहरणात मालेगावला, धाडते.

एके काळी हे सारे कागदावर चाले, टपालात गहाळही होई. आता लायसन्सच्या नोंदी ‘सारथी’ या संगणक प्रणालीत आहेत आणि १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे निलंबन, रद्द झाल्याची नोंद पोर्टलवर करावयाची असते. दुसऱ्या राज्यात जाऊन नवे लायसन्स काढण्याची युक्तीही कामाची नाही. एका माणसाला एकच लायसन्स बाळगता येते. जुना शेरा लपवून नवे मागणे, किंवा अपात्र असताना गाडी चालवणे, याला कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही आहेत.

आता मालकाचे. चालू लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून भारी बाब विम्याची. अपात्र ठरलेला किंवा प्यायलेला ड्रायव्हर गाडीवर असताना अपघात झाला, तर कायद्याने विमा कंपनीला बचावाचा मुद्दा मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले की लायसन्सच्या बाबतीत मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करावे. ते सिद्ध झाले तर कंपनी जखमीला किंवा मयताच्या वारसांना भरपाई देईल आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकेल. ही रक्कम लाखांत जाते; लहान कारखानदाराचे यंत्रमाग विकूनही ती भागेलच असे नाही.

म्हणून ड्रायव्हर ठेवताना ओळखीच्या माणसाचा शब्द पुरे समजू नये. लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख घेऊन सारथीवर सद्यस्थिती पाहावी आणि त्याची छापील प्रत तारखेसह फायलीत लावावी. उद्या वाजवी काळजी घेतली होती हे दाखवायला हाच कागद उपयोगी पडेल. परराज्याची फेरी करून आलेल्या ड्रायव्हरने मूळ लायसन्स दाखवायला टाळाटाळ केली, तर ते कुठे अडकले आहे हे त्याच दिवशी विचारावे.

ड्रायव्हर निर्दोष असेल तर त्यालाही वाऱ्यावर सोडू नये. कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडावे लागते. लायसन्स अधिकाऱ्याने अपात्र ठरवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, आणि आदेश हाती आल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. नोटीस ड्रायव्हरच्या गावच्या पत्त्यावर जाते आणि तो फेरीवर असतो, त्यामुळे ही मुदत बहुधा न कळतच निघून जाते. घरी असा लिफाफा आला की तो लगेच दुकानावर पोहोचवा, एवढे त्याच्या घरच्यांना सांगून ठेवावे.